एका सागरापासून दुसऱ्या सागरापर्यंत : आयर्लंडमधील पदयात्रेची आखणी

नकाशा टेबलावर पसरला की प्रवास निम्मा झाला, असे आमचे दादा म्हणत असत. दादा इंदूरच्या एका शाळेत भूगोल शिकवतात, तेव्हा त्यांनी असे म्हणावे यात नवल नाही. परंतु उरलेला निम्मा प्रवास किती कठीण असतो, हे त्यांना व मला आयर्लंडमधील विक्लोच्या डोंगरात तिसऱ्याच दिवशी कळले. त्या दिवसाची हकीगत पुढे येईलच. तत्पूर्वी, ज्यांच्या मनात असा एखादा बेत घोळत असेल त्या वाचकांसाठी, हा प्रवास नेमका कोणता आणि त्याची आखणी घरबसल्या कशी करावी, हे सांगते.

आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील डब्लिनपासून पश्चिमेच्या गॉलवेपर्यंत सरळ सडकेने सुमारे २०० किलोमीटर अंतर आहे. एवढेच चालायचे तर आठ-दहा दिवसांत एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडे जाता येईल. पण या बेटाची रचना मोठी चमत्कारिक आहे. मधला भाग सखल, तळ्यांचा आणि दलदलीचा. डोंगर आहेत ते बहुतेक काठाकाठाने, जणू बशीची कड. त्यामुळे पायी जाणाऱ्याला रम्य वाट हवी असेल तर सरळ रेषा सोडून द्यावी लागते. डब्लिनहून दक्षिणेला वळायचे, विक्लोचे डोंगर ओलांडायचे, बॅरो, नोर आणि शूर या नद्यांच्या खोऱ्यांतून नैर्ऋत्येकडे सरकायचे आणि शेवटी केरी परगण्यातील डोंगरांतून अटलांटिक महासागर गाठायचा. या वाटेने अंतर ६०० किलोमीटरांच्या वर जाते. हिशेबाला ६२० धरावे.

ही एकच सलग वाट आहे असे मात्र समजू नये. निरनिराळ्या वेळी आखलेल्या पाच पायवाटा एकमेकींना जोडून ही साखळी झाली आहे; युरोपातून जाणारा ई-८ हा लांब पल्ल्याचा पदमार्गही आयर्लंडमध्ये बव्हंशी याच साखळीवरून जातो. पहिली वाट ‘विक्लो वे’. डब्लिनच्या दक्षिण उपनगरातील मार्ले पार्क या उद्यानापासून क्लोनगॉल या खेड्यापर्यंत ती सुमारे १३० किलोमीटर जाते. तेथून चार-पाच किलोमीटरांवरील किल्डाविनपासून ‘साउथ लेन्स्टर वे’ सुरू होते व शंभरेक किलोमीटरांनी कॅरिक-ऑन-शूर या गावी संपते. पुढे क्लॉहीनपर्यंत सत्तर किलोमीटरांची ‘ईस्ट मन्स्टर वे’. मग कॉर्क परगण्यातून जाणारी ‘ब्लॅकवॉटर वे’, जी १६५ किलोमीटरांहून थोडी अधिकच भरते. आणि शेवटी किलार्नीपासून ‘केरी वे’. मार्ले पार्क समुद्रापासून आत आहे. तेव्हा ज्याला खरोखरच एका सागरापासून दुसऱ्या सागरापर्यंत जायचे असेल, त्याने डब्लिनच्या उपसागराच्या काठी, सँडिमाउंटच्या वाळूवर पाय भिजवून, शहराच्या रस्त्यांनी आठ-दहा किलोमीटर चालत तेथे जावे. आम्ही तसेच केले. भरती इतकी दूर ओसरली होती की पाय भिजवण्यासाठीच पाऊण तास गेला!

या साखळीतील पहिल्या कडीचा इतिहास वाचकांना आवडेल. जे. बी. मलोन नावाचे एक गृहस्थ डब्लिनच्या ‘ईव्हिनिंग हेरल्ड’ या सायंदैनिकात डोंगरातील भटकंतीवर वर्षानुवर्षे लेख लिहीत असत. डब्लिनकरांना रविवारी कोठे चालायला जावे हे सांगणे, एवढाच त्या लेखांचा उद्देश. त्यांनी १९६६ साली विक्लोच्या डोंगरांतून जाणाऱ्या एका लांब वाटेची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात यायला चौदा वर्षे लागली. वाटेचा पहिला भाग १९८० साली खुला झाला आणि आयर्लंडमधील खुणा करून आखलेली ती पहिलीच लांब पायवाट ठरली. मलोन १९८९ साली वारले. लॉक टे या काळ्याभोर तळ्याच्या वरच्या अंगाला, वाटेच्या कडेलाच, त्यांच्या स्मरणार्थ एक शिळा बसवलेली आहे. वर्तमानपत्रातील स्तंभलेखनाचे असे स्मारक फार थोड्यांच्या वाट्याला आले असेल. आमच्यासारख्या मजकुराच्या गिरणीत दळण दळणाऱ्यांना त्या शिळेपाशी उभे राहिल्यावर थोडा हेवा वाटला तर तो क्षम्य मानावा.

आता आखणीकडे वळू. बहुतेकांची पहिली चूक हिशेबाची असते. आमचीही तीच झाली. दादांनी ६२० किलोमीटरांना २४ ने भागले, २६ दिवस आले. त्यात दोन दिवस विश्रांतीचे आणि दोन राखीव मिळवून तीस दिवसांचे वेळापत्रक तयार झाले. शाळेची उन्हाळ्याची सुट्टी आणि माझी साठवलेली अर्जित रजा यांच्या चौकटीत ते तंतोतंत बसत होते. आणि तंतोतंत बसणाऱ्या वेळापत्रकाची भीती बाळगावी, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. २०२४ च्या मे महिन्याच्या मध्यावर आम्ही निघालो. दुसरा मुक्काम नॉकरी येथे झाला. तिसऱ्या दिवशी आम्ही दोन टप्पे एकत्र केले होते : ग्लेंडालॉक येथील प्राचीन मठाचे अवशेष निवांतपणे पाहता यावेत म्हणून मध्ये न थांबता एकदम तेथवर जायचे. नकाशावर अंतर तीस किलोमीटर. तीस काय, इंदूरच्या सडकांवर दादा सहज चालत!

डोंगरातील वेळेचा हिशेब करण्याचा एक जुना नियम आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली घालून दिला. सपाटीला दर पाच किलोमीटरांस एक तास धरावा आणि त्यात चढाच्या दर सहाशे मीटरांमागे आणखी एक तास मिळवावा. त्या दिवशीचा चढ आठ-नऊशे मीटरांचा तरी होता. म्हणजे नियमानेच साडेसात तास झाले. आणि हा नियम निरोगी, सडपातळ, हलके ओझे घेतलेल्या आणि कोठेही न थांबणाऱ्या माणसाचा आहे. पाठीवर अकरा किलो वजन, समोरून वारा, भिजलेली वाट आणि दर तासाला दहा मिनिटांचा विसावा एवढे धरले तर त्याची सहज दीडपट होते. सकाळी साडेआठला निघालेले आम्ही रात्री पावणेनऊला मुक्कामी पोहोचलो. मे महिन्यात तेथे त्या वेळीही उजेड असतो, म्हणून निभावले. परंतु शेवटच्या उतारावर दादांचा उजवा गुडघा सुजला, आणि राखीव दोन दिवस व विश्रांतीचा एक असे तीन दिवस आम्ही तेथेच घालवले. ग्लेंडालॉकचे अवशेष मात्र आम्ही खरोखरच निवांतपणे पाहिले.

तेव्हा वाचकांना सांगणे एवढेच की, सरासरी काढून दिवस वाटू नयेत. प्रत्येक दिवसाचे अंतर आणि चढ वेगवेगळे मांडावेत, नेस्मिथच्या नियमाने तास काढावेत आणि त्यांची दीडपट करावी. आठ तासांच्या वर जाणारा दिवस पहिल्या आठवड्यात ठेवूच नये. राखीव दिवस दर आठवड्याला एक तरी हवा. ज्याच्याजवळ एकंदर तीसच दिवस असतील त्याने सबंध बेट ओलांडण्याचा हट्ट न धरता केवळ विक्लो आणि केरी एवढे दोनच भाग चालावेत, मधला प्रवास आगगाडीने करावा. हे माझे मत. दादांना ते आजही मान्य नाही.

नकाशांविषयी दोन शब्द. आयर्लंडच्या सरकारी भूमापन खात्याची ‘डिस्कव्हरी’ नावाची नकाशामाला पन्नास हजारांस एक या प्रमाणात आहे; म्हणजे नकाशावरील दोन सेंटिमीटर हे जमिनीवरील एक किलोमीटर. पदयात्रेला हेच प्रमाण सोयीचे. दूरध्वनीच्या पडद्यावरील नकाशा उपयोगी पडतो खरा, पण पावसात ओल्या बोटांना तो दाद देत नाही, आणि दरीत संपर्क तुटतो. कागदी नकाशा आणि होकायंत्र जवळ हवेच. या भूमापनाचा आपल्या देशाशी एक जुना संबंध आहे. आयर्लंडचे सविस्तर मापन १८२४ साली सुरू झाले तेव्हा थॉमस कोल्बी या अधिकाऱ्याने पितळ व लोखंड यांच्या जोडपट्ट्या वापरून असे एक साधन सिद्ध केले की उष्णतेने धातू वाढला तरी मोजलेल्या लांबीत फरक पडू नये. तेच साधन जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिंदुस्थानात आणले आणि १८३१-३२ साली कलकत्त्याजवळची पायारेषा त्याने मोजली. नकाशा हाती घेतला की दादा ही गोष्ट कोणाला तरी सांगितल्याखेरीज राहत नाहीत. कॅरिकच्या एका खाणावळीत त्यांनी ती शेजारच्या टेबलावरील अनोळखी मंडळींनाही ऐकवली.

नकाशावरील नावेही वाचायला शिकावे. इंग्रजी लिपीत चढवलेली ही मूळची आयरिश नावे आहेत, आणि थोडे शब्द ओळखीचे झाले की जमीन आपोआप बोलू लागते. ‘नॉक’ म्हणजे टेकडी, ‘स्लीव्ह’ म्हणजे डोंगर, ‘ग्लेन’ म्हणजे दरी, ‘लॉक’ म्हणजे तळे, ‘किल’ म्हणजे बहुधा चर्च, ‘कॅरिक’ म्हणजे खडक आणि ‘बॅली’ म्हणजे वस्ती. ग्लेंडालॉक या नावाचा अर्थ ‘दोन तळ्यांची दरी’. सहाव्या शतकात संत केव्हिन यांनी तेथे मठ स्थापन केला. तेथील दगडी गोल मनोरा सुमारे तीस मीटर उंच आहे आणि लांबून तो झाडांच्या वर एखाद्या टोकदार पेन्सिलीसारखा दिसतो.

हवामानाचा विचार करताना आपण आपल्या पावसाच्या कल्पना घरी ठेवून जावे. डब्लिनला वर्षाकाठी साधारण साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईच्या पावसाच्या तो तिसरा हिस्साही नाही. पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत उरकतो. तेथला पाऊस वर्षभर थोडाथोडा, जणू हप्त्याहप्त्याने, पडत असतो. ज्या दिवशी एक मिलिमीटर किंवा अधिक पाऊस होतो असे दिवस पूर्व किनाऱ्यावर वर्षाला दीडशेच्या आसपास असतात, तर पश्चिमेकडे ते सव्वादोनशेपर्यंत जातात. केरीच्या टोकाला व्हॅलेन्शियाच्या वेधशाळेत वर्षाला सुमारे पंधराशे मिलिमीटर पाऊस मोजला जातो, आणि डोंगरमाथ्यावर त्याहून पुष्कळ अधिक. तेव्हा जसजसे पश्चिमेला जावे तसतसे भिजणे वाढत जाणार; शिवाय वारा बहुधा नैर्ऋत्येचा, म्हणजे नेमका तोंडावर येणारा. कोणी विचारील, मग पश्चिमेकडून पूर्वेकडे का चालू नये? वारा पाठीशी राहील हे खरे. पण मग अटलांटिकचा कडा पहिल्याच दिवशी पाहून संपतो, आणि महिनाभर चालून शेवटी उपनगरातील बसथांब्यापाशी पोहोचायचे! आम्ही वारा पत्करला.

महिने कोणते निवडावेत? मे आणि जून हे तेथले सर्वांत अधिक ऊन देणारे महिने. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात डब्लिनला सूर्य पहाटे पाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो. सतरा तासांचा दिवस चुकलेल्या वाटसरूला फार मोठा आधार असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पर्यटकांची गर्दी असते, आणि वारा पडला की ‘मिज’ नावाची चिलटे दलदलीच्या भागात डोळ्यांनाकांत शिरतात. सप्टेंबर चांगला, फक्त दिवस लहान होत जातो. उन्हाळ्यातही दुपारचे तापमान अठरा-वीस अंशांपर्यंतच. भिजल्या कपड्यांत, वाऱ्यात, डोंगरावर ते फार कमी वाटते. सुती कपडे या कामाचे नाहीत. भिजलेले सूत अंगाला चिकटून ऊब शोषून घेते. लोकरीची बंडी ओली झाली तरी ऊब देते. जलरोधक कोट आणि जलरोधक विजार दोन्ही हव्यात. नुसत्या कोटाने पाणी ओघळून गुडघ्यांवर येते. छत्री घरी ठेवावी. माझी तिसऱ्याच दिवशी उलटी झाली.

जोडे नवे नेऊ नयेत. किमान दोन महिने ते पायात असावेत. पुणे-नाशिककडील मंडळींना पावसाळ्यात सह्याद्रीच्या वाटा उपलब्ध आहेत, आणि चिखल, धुके व निसरडा उतार यांचा तो उत्तम सराव आहे. दिल्ली, नागपूर, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी जिने चढावेत. पाठीवर नेमके तेवढेच ओझे घेऊन, आणि उतरतानाही तितक्याच काळजीने. गुडघा चढाने नव्हे, उताराने जातो, हे मी आता अधिकारवाणीने सांगू शकते.

वाटेचे स्वरूप एकसारखे नाही. वाटखुणांच्या खांबांवर पिवळ्या रंगाचे चालणाऱ्या माणसाचे चित्र आणि बाण असतो. हा ‘पिवळा माणूस’ महिनाभर आपला सोबती. विक्लोत जाउस नावाच्या शिखराच्या खांद्यावरून जाताना दलदल पार करण्यासाठी आगगाडीच्या रुळांखालच्या जुन्या लाकडी पट्ट्या जोडून लांबच लांब मार्ग केला आहे. पाय घसरू नये म्हणून त्यांवर तारेची जाळी ठोकलेली असते. ही दलदल म्हणजे चिखल नव्हे. हजारो वर्षे साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा तो काळा, स्पंजासारखा थर. त्याला पीट म्हणतात, आणि वाळवून तो घरोघर चुलीत जाळला जाई. मार्गाबाहेर पाऊल टाकले तर पाय घोट्यापर्यंत जातो आणि त्या नाजूक थराला झालेली जखम वर्षानुवर्षे भरत नाही.

मधल्या भागाविषयी मी खरे तेच सांगेन. साउथ लेन्स्टर आणि ब्लॅकवॉटर या वाटांचा बराच भाग सरकारी वनखात्याच्या लागवडीतून किंवा अरुंद डांबरी गाडीवाटांवरून जातो. लागवड सिट्का स्प्रूस या उत्तर अमेरिकेतून आणलेल्या झाडाची. सरळ, दाट, काळोखी रांगांमागून रांगा. दोन तासांनी माणूस कंटाळतो. जेथे झाडांची तोड चालू असते तेथे वाट तात्पुरती वळवलेली असते, आणि तीन-चार किलोमीटर निष्कारण वाढतात. डांबरी रस्त्यावर तळपाय भाजून निघतात. तेथे वाहने आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात, म्हणून पायी जाणाऱ्याने उजव्या कडेने, समोरची वाहने दिसतील असे चालावे आणि चमकणारा पट्टा अंगात घालावा. मात्र याच भागात बॅरो नदीच्या काठची जुनी नौकापथाची हिरवी वाट आहे, ग्रेगनमॅना येथील मध्ययुगीन मठ आहे, नोर नदीवरचा इनिस्टीगचा कमानदार पूल आहे. कंटाळा आणि आनंद अशा मिसळीला तयार असेल त्यानेच सबंध वाट धरावी.

आता एक गोष्ट, जी पर्यटनाच्या रंगीत पत्रकांत क्वचित आढळते आणि जिच्यावर या सगळ्या पदयात्रेचे अस्तित्व अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये शेतांतून जाणाऱ्या हजारो पायवाटांवर चालण्याचा लोकांना कायदेशीर हक्क आहे. आयर्लंडमध्ये असे हक्काचे मार्ग फार थोडे. खुणा केलेल्या वाटा जेथे खाजगी जमिनींतून जातात तेथे त्या बव्हंशी शेतकऱ्यांच्या संमतीने जातात, आणि संमती कधीही काढून घेता येते. वाटसरू पडला, त्याचा पाय मोडला, तर भरपाईचा दावा आपल्यावर येईल ही शेतकऱ्यांची मोठी धास्ती होती; १९९५ च्या एका कायद्याने मनोरंजनासाठी जमिनीवर येणाऱ्यांविषयीची त्यांची जबाबदारी पुष्कळ कमी केली. २००८ पासून वाटेची देखभाल करणाऱ्या जमीनधारकांना सरकार मोबदला देते. तरीही सगळा कारभार विश्वासावरच चालतो. २००१ साली जनावरांच्या लाळ्या-खुरकताच्या साथीची भीती निर्माण झाली तेव्हा देशभरातील डोंगरवाटा चालणाऱ्यांना बंद करण्यात आल्या, आणि लोकांनी ते पाळले. रोगाची लागण अखेर आयर्लंड प्रजासत्ताकात एकाच ठिकाणी निश्चित झाली.

म्हणून फाटक जसे आढळले तसेच ठेवावे : उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद. कुंपणावरून चढावे लागलेच तर खांबापाशी चढावे. कुत्रा बरोबर नेऊ नये; मेंढ्या विणाऱ्या ऋतूत तर नाहीच. माउंट लेन्स्टरच्या पायथ्याला एका कुरणातून जाताना आम्ही भाकरी खायला बांधावर बसलो होतो. शेतकरी ट्रॅक्टरवरून आला, थांबला, आम्हांला न्याहाळले, आणि मागचे फाटक लावले होते का एवढेच विचारले. लावले होते. मग त्याने दादांचा गुडघा पाहून खाली गावापर्यंत सोडण्याची तयारी दाखवली. दादांनी नम्रपणे नकार दिला. कारण वाहनात बसलो तर रेषा तुटेल.

ही ‘रेषा’ दादांनी नकाशावर लाल शाईने काढीत आणली होती. रोज मुक्कामी पोहोचल्यावर, जेवणाच्या आधी, त्या दिवशीचा तुकडा ते रंगवीत. मला आधी ते पोरकट वाटले. दहा-बारा दिवसांनी मी स्वतःच शाई पुढे करू लागले होते.

राहण्याची व्यवस्था आधी करावी लागते. गावोगाव घरगुती निवास असतात. रात्रीचा निवारा आणि सकाळची न्याहारी. पण ते वाटेवरच असतील असे नाही; पाच-सात किलोमीटर बाजूला असतात, आणि विनंती केल्यास यजमान मोटारीने घेऊन जातात व सकाळी त्याच जागी सोडतात. (यात रेषा तुटत नाही, असा निर्णय दादांनी दिला.) विक्लोत तरुण भटक्यांसाठी १९३१ साली स्थापन झालेल्या ‘अन ऑइग’ या संस्थेची वसतिगृहे आहेत, आणि वाटेवर तीन ठिकाणी स्वयंसेवकांनी बांधलेले, तीन बाजूंनी बंद असे लाकडी आडोसे आहेत. ब्लॅकवॉटर वाटेवर मात्र मुक्कामाची टंचाई फार. तेथली आरक्षणे सर्वांत आधी करावीत. शाकाहारी मंडळींनी न्याहारीबद्दल अगोदर कळवावे, नाहीतर डुकराचे मांस ताटात येईल. ओटची लापशी, बटाटे, भाजीचे सूप आणि ताक व खायचा सोडा घालून भाजलेला जाड, तपकिरी पाव एवढ्यावर आमचा महिना उत्तम गेला. त्या पावाला लोणी लावून खाताना भाकरीची आठवण येते, म्हणून आम्ही त्याला भाकरीच म्हणत असू.

कागदपत्रांची बाब थोडक्यात. आयर्लंड शेंगेन करारात नाही. शेंगेन व्हिसावर तेथे जाता येत नाही. भारतीय पारपत्रधारकाने आयर्लंडचाच व्हिसा काढावा आणि अर्जासाठी भरपूर आधी सुरुवात करावी. चलन युरो. संकटकाळी ११२ हा क्रमांक फिरवून डोंगरातील बचाव पथक मागावे. आपण कोणत्या वाटेने जात आहोत आणि केव्हा पोहोचणार, हे रोज सकाळी यजमानांना सांगून निघावे, आणि घरी रोज एक निरोप धाडावा. वहिनींनी इंदूरला आमचा नकाशा भिंतीवर लावला होता. निरोप आला की त्या टाचणी पुढे सरकवीत.

एक टाचणी त्यांना उचलून लांब लावावी लागली. गुडघ्यामुळे पुढचे टप्पे आखूड झाले आणि नॉकमेलडाऊनचे डोंगर उतरून फर्मॉय या गावी पोहोचेपर्यंत आम्ही आणखी तीन दिवस मागे पडलो होतो. विश्रांतीचा एकच दिवस शिल्लक. पुढची आरक्षणे पक्की, परतीचे विमान पक्के, शाळा उघडण्याचा दिवस त्याहून पक्का. रात्री आम्ही नकाशा मांडून बसलो. एक तर दोन दिवसांची वाट गाडीने ओलांडायची, नाहीतर शेवटचे दोन दिवस, म्हणजे समुद्रच, सोडायचा. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. रेषा अखंड हवी, मग ती कॅहर्सिव्हीनला संपली तरी चालेल, असे त्यांचे म्हणणे पडले. मी म्हणाले, की सागरापासून सागरापर्यंत जायला निघालो आणि सागर पाहिला नाही, तर अखंड रेषेचे करायचे काय? आमची कडाक्याची वादावादी झाली. वहिनींना फोन लावला. त्यांनी गुडघा कसा आहे एवढेच विचारले, आणि दादांनी खोटे सांगितले नाही. सकाळी आम्ही गाडीत बसलो आणि फर्मॉय ते ब्वींग हा पन्नासेक किलोमीटरांचा तुकडा खिडकीतून पाहिला. वाचकहो, असा प्रसंग तुमच्यावरही येईल असे धरूनच आखणी करा, आणि वेळ आली तर कोणता तुकडा सोडायचा हे घरून निघण्यापूर्वी, पाय शाबूत आणि मन शांत असताना, ठरवून ठेवा. तेथे, थकलेल्या रात्री, ते ठरवणे फार जड जाते.

केरीने मात्र सगळी भरपाई केली. श्रोनजवळ ‘पॅप्स’ या जुळ्या टेकड्यांच्या पायथ्यावरून वाट किलार्नीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे येते. १९३२ साली स्थापन झालेले हे आयर्लंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान. ओकची जुनी राने, शेवाळाने मखमली झालेले खडक आणि तांबड्या हरणांचे मूळचे कळप. तेथून ब्लॅक व्हॅली. या दरीत वीज १९७० नंतरच्या दशकात पोहोचली. मुख्य भूमीवरील अगदी शेवटच्या ठिकाणांपैकी ती एक. उजव्या हाताला १,०३८ मीटर उंचीचे कॅरंटूहिल, देशातील सर्वोच्च शिखर. आम्हांला ते दिसले नाही, कारण दोन दिवस ढग खाली उतरलेले होते. ब्लॅक व्हॅलीतून दोन खिंडी ओलांडून ग्लेनकारला जायचे असते. पहिली ओलांडल्यावर पाऊस इतका वाढला की दुसरीकडचा पुढचा खांब दिसेना. आम्ही दुसरी खिंड सोडून दरीतल्या सडकेने खाली उतरलो. या वेळी वाद झाला नाही.

शेवटच्या दिवशी पोर्टमगी या मासेमारीच्या गावातून पुलावरून व्हॅलेन्शिया बेटावर गेलो. याच बेटावरून अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची दोरी टाकण्यात आली. १८५७ चा प्रयत्न फसला; १८५८ ची दोरी काही आठवड्यांतच मुकी झाली; १८६६ साली न्यूफाउंडलंडपर्यंत टिकाऊ दोरी पोहोचली आणि येथले तारघर १९६६ पर्यंत चालू होते. पुन्हापुन्हा आखून अखेर साधलेली ती रेषा! दादांनी त्यावर काही भाष्य केले नाही, पण माहितीचा फलक त्यांनी दोनदा वाचला.

ब्रे हेडचा माथा २३९ मीटरांचा आहे. नेपोलियनच्या काळातील पहाऱ्याचा पडका बुरूज तेथे उभा आहे, आणि त्यापुढे जमीन संपते. पाऊस थांबला होता. नैर्ऋत्येला समुद्रातून वर आलेले स्केलिगचे दोन सुळके स्वच्छ दिसत होते. त्यांतल्या मोठ्यावर, उभ्या खडकावर दगडी झोपड्या रचून एके काळी संन्यासी राहत असत. दादा बुरुजाच्या आडोशाला बसले, ओलसर नकाशा गुडघ्यांवर उलगडला आणि शेवटचा तुकडा लाल शाईने पुरा केला. मग फर्मॉय आणि ब्वींग यांच्यामधली मोकळी जागा त्यांनी पेन्सिलीने, तुटक रेघांनी जोडली.

तो नकाशा आता इंदूरला दिवाणखान्यात आहे. मागच्या दिवाळीत मी गेले तेव्हा त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काही लिहिलेले दिसले : फर्मॉय, किलावुलन, बॅलिनमोना, ब्वींग, पुढे चढाचे मीटर, नेस्मिथच्या नियमाने तास, त्यांची दीडपट, आणि खाली दोनऐवजी तीन दिवस.